पडलेली फांदी

माझ्या खोलीच्या दाराआड कळकाची एक काठी उभी आहे. दिसायला ती अगदी साधी आहे. तिला मूठ नाही, तिच्यावर नक्षी नाही. वापरून वापरून तिची पेरे तेवढी गुळगुळीत झाली आहेत. घरी येणारे पाहुणे पुष्कळदा विचारतात, ‘‘ही कशाला जपून ठेवली आहे?’’ मग मला भीमाशंकरच्या अरण्याची हकिकत सांगावी लागते. ती सांगताना मला थोडी लाजही वाटते आणि आनंदही होतो. आज तीच हकिकत तुम्हांला सांगतो.

पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांच्या सीमा जेथे एकमेकींना भिडतात, तेथे सह्याद्रीच्या माथ्यावर भीमाशंकरचे अरण्य पसरले आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून हे स्थान साऱ्या भारतात प्रसिद्ध आहे. भीमा नदीचे उगमस्थान म्हणून महाराष्ट्राला ते विशेष प्रिय आहे. १९८५ मध्ये येथील सुमारे १३१ चौरस किलोमीटरांचा प्रदेश अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आला. ‘अभयारण्य’ हा शब्द आपण सहज उच्चारतो. पण त्याचा अर्थ किती सुंदर आहे! जेथे पशुपक्ष्यांना भय नाही असे अरण्य, ते अभयारण्य. हे भय कोणाचे, ते मात्र त्या शब्दात सांगितलेले नाही. भेकराला बिबट्याचे भय अभयारण्यातही असतेच. जे भय तेथे असू नये, ते आपले, माणसाचे.

काही वर्षांपूर्वी पितृपंधरवड्याच्या अखेरीस मी आणि माझा एक शाळासोबती असे दोघे या अरण्यात जायला निघालो. पुण्याहून थेट मंदिरापर्यंत गाडीरस्ता आहे. परंतु आम्हांला डोंगर चढून जायचे होते. म्हणून आम्ही कर्जतला आगगाडीतून उतरलो आणि एस. टी. ने पायथ्याच्या खांडस गावी पोहोचलो. भाताची शेते पोटरीला आली होती. त्यांच्या पलीकडे सह्याद्रीची काळी भिंत उभी होती आणि तिच्यावरून पाण्याच्या अनेक पांढऱ्या धारा खाली येत होत्या. माथा ढगांत हरवला होता.

खांडसहून वर जाण्यास दोन वाटा आहेत. एक शिडी घाटाची. ती जवळची, पण तिच्यात उभ्या कातळांना लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. पावसाळ्यात त्या निसरड्या होतात. दुसरी गणेश घाटाची. ती लांबची, वळणावळणांची, पण सोपी. कोणती वाट धरावी याचा आम्ही विचार करीत होतो, तोच मागून आवाज आला, ‘‘पावनं, पावसापाण्याचं शिडीनं जाऊ नका. गणपतीच्या वाटनं चला. मी तिकडंच निघालोय.’’

मागे वळून पाहिले, तो एक वृद्ध गृहस्थ उभे होते. डोक्याला मुंडासे, गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्याला एक रिकामी पिशवी आणि हातात कळकाची काठी. वय सत्तरीच्या आतबाहेर असावे. ते घाटमाथ्यावरच्या एका वाडीत राहत होते. त्यांची लेक खाली कोकणात दिली होती. तिला भेटून ते घरी परत चालले होते. आमचे शहरातले मित्र दहा मिनिटांच्या वाटेला रिक्षा शोधतात. हे म्हातारबाबा लेकीला भेटायला सह्याद्री उतरले होते आणि आता तो पुन्हा चढणार होते! आम्ही त्यांना ‘बाबा’ म्हणू लागलो आणि त्यांच्या मागून चालू लागलो.

पहिल्या तासाभरातच आमचा दम निघाला. बाबा मात्र एकाच संथ चालीने चढत होते. ते घाई करीत नव्हते आणि थांबतही नव्हते. वाटेच्या दोन्ही बाजूंना तेरड्याची गुलाबी फुले दाटली होती. मध्येच सोनकीचे पिवळे ताटवे लागत. कारवीची रोपे माणसाच्या उंचीएवढी वाढली होती, पण त्यांना फूल नव्हते. मी कारण विचारले तेव्हा बाबा म्हणाले, ‘‘ती सात वर्सांनी फुलती. अजून तिचा येळ न्हाई आला.’’ कारवी सात वर्षे नुसती वाढते, मग एकदाच सारे डोंगर जांभळे करून टाकते आणि बी देऊन मरून जाते. वाळलेल्या काटक्यांचे कूड विणून त्यावर शेणमाती लिंपली, की घराची भिंत तयार होते. कारवीच्या कुडाची अशी घरे सह्याद्रीत पिढ्यान्‌पिढ्या बांधली गेली आहेत.

अर्धा डोंगर चढून गेल्यावर एक सपाटी लागली. सह्याद्रीच्या कुशीतील अशा सपाटीला ‘पदर’ म्हणतात. खाली कोकण, वर कडा आणि मधे हा हिरवा पदर! ज्या कोणी हे नाव प्रथम दिले, त्याला या डोंगराविषयी आईसारखी माया वाटत असली पाहिजे. येथून पदरगडाचा सुळका अगदी जवळ दिसतो. आम्ही एका खडकावर बसलो. शिदोरी सोडली. बाबांनी नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी पुढे केली. आम्ही बिस्किटे दिली. खाऊन झाल्यावर मी बिस्किटांचे रिकामे वेष्टन आणि पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली दगडांच्या एका खोबणीत नीट बसवून ठेवली. वाटेत टाकली नाही, कोणाच्या पायात येणार नाही, याचे मला मनातून समाधानही वाटले. बाबा तेव्हा काही बोलले नाहीत. आम्ही पुढे निघालो, तेव्हा ते दोन पावले मागे रेंगाळले, एवढेच मला आठवते.

पदर ओलांडताना वाट एका गर्द राईच्या कडेने गेली. बाहेर ऊन पडले होते. आत मात्र संध्याकाळ झाल्यासारखा काळोख होता. प्रचंड खोडांवर शेवाळाची मऊ दुलई पसरली होती. मनगटाएवढ्या जाड वेली एका झाडावरून दुसऱ्या झाडावर चढल्या होत्या. एका झाडाच्या बुंध्याशी शेंदूर फासलेले चारपाच दगड होते. बाबांनी वहाणा काढल्या आणि लांबूनच हात जोडले.

पुढची चढण कठीण आहे, असे त्यांनी आधीच सांगितले होते. तेव्हा एखादी काठी मिळाली तर बरे, असे माझ्या मनात होते. राईच्या कडेला एक वाळलेली, सरळसोट फांदी पडलेली दिसली. मी ती उचलली, तिच्या बारीक डहाळ्या मोडून टाकल्या आणि टेकत टेकत निघालो.

‘‘पावनं, ती ठेवा तिथंच,’’ बाबा म्हणाले.

‘‘का? मी काही झाडावरून तोडली नाही. पडलेलीच होती.’’

‘‘पडली आसंल. पर ती देवाची हाये. हितलं पान बी कुनी नेत न्हाई.’’

मला थोडे हसू आले. मी शिकलेला माणूस. या समजुतीला नमते कसे घेणार? मी म्हणालो, ‘‘बाबा, ही येथे पडून नुसती कुजून जाईल. देवाला तिचा काय उपयोग? माझ्या तरी कामी येईल.’’

बाबांनी माझ्याकडे शांतपणे पाहिले. म्हणाले, ‘‘कुजू द्या की. कुजायलाच पडलीया ती.’’

यावर काय बोलावे ते मला सुचले नाही. मी काहीशा नाराजीने फांदी होती तेथे ठेवून दिली.

त्या राईला ‘देवराई’ म्हणतात. देवाच्या नावाने राखलेले रान ते देवराई. सह्याद्रीत अशा अनेक देवरायांची परंपरा आहे. काही चार झाडांच्या आहेत, तर काही कित्येक एकरांच्या. कोणताही सरकारी कायदा नव्हता, त्या काळापासून गावोगावच्या लोकांनी त्या राखल्या. तेथे कुऱ्हाड चालवायची नाही, पडलेले लाकूडही सरपणाला न्यायचे नाही, असा अनेक गावांचा दंडक. १९७० नंतरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी या देवरायांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि त्यांचे महत्त्व जगापुढे मांडले. आसपासचे रान तुटले तरी देवराईत जुने वृक्ष, दुर्मीळ वेली आणि वाहते झरे टिकून राहिले होते. ही सारी माहिती मी नंतर वाचली. त्या दिवशी मात्र एक हट्टी म्हातारा आपल्याला काठी घेऊ देत नाही, एवढेच मला वाटत होते.

मग शेवटची उभी चढण सुरू झाली. वाट चिखलाची होती, मुळे आणि दगड यांनी भरलेली होती. अर्ध्या चढणीवर माझा पाय शेवाळलेल्या दगडावरून सटकला आणि मी पाचसहा हात खाली घसरत गेलो. एका झाडाच्या मुळात हात अडकला म्हणून थांबलो. तळहात सोलून निघाले, गुडघ्याला मुका मार बसला. वर पाहिले, तर बाबा झपाझप खाली येत होते. त्यांनी मला उठवले. बांधावरची कसलीशी पाने चुरगळून त्यांचा रस तळहाताला लावला. मग आपली काठी माझ्या हातात दिली.

‘‘आणि तुम्हांला?’’ मी विचारले.

‘‘मला वाट ठावी हाये,’’ ते म्हणाले आणि रिकाम्या हातांनी पुढे चालू लागले. मघाशी मी त्यांच्यावर मनातून रागावलो होतो. आता ती काठी टेकताना माझी मान खाली गेली होती. ती काही केवळ चढणीमुळे नव्हे.

माथ्यावर पोहोचलो, तेव्हा वारा भणाणत होता. मागे कोकण ढगांखाली झाकले होते. बाबा कड्याकडे हात करून म्हणाले, ‘‘हितं पडलेलं पानी खाली कोकनात जातं. आन्‌ चार पावलं हिकडं पडलं, की पंढरपुराला.’’ किती थोडक्या शब्दांत त्यांनी भूगोलाचा एक मोठा धडा शिकवला! सह्याद्रीचा माथा म्हणजे पाणी वाटून देणारी भिंत. पश्चिमेच्या उतारावर पडलेला थेंब अरबी समुद्राला मिळतो. पूर्वेच्या उतारावर पडलेला थेंब भीमेत जातो, पंढरीला चंद्रभागा होतो, सोलापूरच्या उसाला आणि ज्वारीला पाणी देतो, सुमारे ८६० किलोमीटरांचा प्रवास करून कर्नाटकात रायचूरजवळ कृष्णेला मिळतो आणि शेवटी बंगालच्या उपसागरात विलीन होतो. दोन थेंब एकाच ढगातून आलेले, चार पावलांच्या अंतरावर पडलेले. पण त्यांचे समुद्र निराळे!

येथून मंदिरापर्यंतची वाट दाट रानातून जाते. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा असे वृक्ष खांद्याला खांदा लावून उभे होते. त्यांच्या फांद्या वर एकमेकींत इतक्या गुंतल्या होत्या, की आभाळ दिसत नव्हते. कुठे तरी कस्तुर पक्षी शीळ घालीत होता. एखादा मुलगा रमतगमत शाळेतून घरी यावा आणि मनाशीच गाणे म्हणत यावा, तशी त्याची शीळ. आम्ही दोघे मोठमोठ्याने बोलत चाललो होतो. बाबांनी एकदम हात वर केला. आम्ही थांबलो.

वरून करकर असा कर्कश आवाज आला. बाबांनी बोट दाखवले. उंच फांदीच्या टोकाला काटक्यांचा आणि पानांचा एक मोठा गोळा होता. ‘‘शेकराचं घर,’’ ते कुजबुजले. पुढे आणखी एक गोळा दिसला, मग तिसरा. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधते. कधी यात, कधी त्यात राहते. पण शेकरू कोठे आहे? आम्ही माना वर करून पाहत राहिलो. पाच मिनिटे गेली, दहा गेली. मान दुखू लागली. माझा मित्र चुळबुळ करू लागला. बाबा तसेच उभे होते. आणि मग ज्याला मी इतका वेळ फांदीचाच एक फुगवटा समजत होतो, तो हलला!

ते शेकरूच होते. संकटाची चाहूल लागली, की ते पुष्कळदा पळत नाही. फांदीला अंग चिकटवून निश्चल पडून राहते. आमचा गलबला थांबला, तेव्हा कोठे त्याला धीर आला. तांबूस तपकिरी पाठ, फिकट पिवळसर पोट, गोंड्यासारखी झुबकेदार, अंगाहूनही लांब शेपटी आणि फिकट रंगाचा तिचा शेंडा. आपल्या अंगणातल्या खारीचे ते नातलग खरे. पण खार मुठीत मावेल आणि शेकरू मांजराएवढे भरेल! त्याने मागच्या पायांवर बसून पुढच्या हातांत एक फळ धरले आणि ते कुरतडले. मग एकाएकी त्याने झेप घेतली. पाचसहा मीटरांचे अंतर त्याने हवेत पार केले आणि दुसऱ्या झाडाची फांदी पकडली. फांदी खाली झुकली, वर आली. तोवर ते तिसऱ्या झाडावर होते.

शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. त्याचे सारे आयुष्य झाडांवर जाते. जमिनीवर ते क्वचितच उतरते. म्हणून त्याला नुसती झाडे असून चालत नाही. फांदीला फांदी लागलेली झाडे हवीत. मधली चार झाडे तुटली, की त्याचा रस्ता तुटला. आपल्याला जी रिकामी जागा दिसते, ती त्याला दरी असते.

दुपार कलल्यावर मंदिरात पोहोचलो. मंदिराचे शिखर नाना फडणवीसांनी बांधविले असे सांगतात. आवारात एक मोठी घंटा आहे.  १७३९ मध्ये वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी ती येथे अर्पण केली. आम्ही दर्शन घेतले आणि भीमेच्या उगमाची ती लहानशी धार पाहिली. ओंजळभर पाणी! याच पाण्याची पुढे चंद्रभागा होते, हे कोणी सांगितले तरी खरे वाटू नये. श्रावणातील गर्दी ओसरली होती. पण तिच्या खुणा राहिल्या होत्या. वाटेच्या कडेला, ओढ्याच्या काठाला, झुडपांच्या बुडाशी प्लॅस्टिकच्या पिशव्या, पेले आणि बाटल्या अडकल्या होत्या. ‘‘लोकांना कसे कळत नाही!’’ माझा मित्र म्हणाला. मीही मान हलवली.

त्या रात्री आम्ही बाबांच्या घरी उतरलो. घर लहानच होते. चुलीजवळ बसलो. बाबांच्या कारभारणीने चहा दिला. बाबांनी खांद्याची पिशवी काढून ओसरीवर उपडी केली. खाली जाताना ती लेकीसाठी तांदूळ आणि मध यांनी भरलेली असावी. आता तिच्यातून बाहेर आल्या चिखलाने माखलेल्या सातआठ बाटल्या, चुरगळलेली वेष्टने, तुटका पेला.

‘‘ह्ये काय आनलंसा?’’ आजींनी विचारले.

‘‘वाटंत हुतं,’’ बाबा म्हणाले. ‘‘गुरं खात्यात. पोटात अडकून मरत्यात.’’

त्या ढिगात सर्वांत वर असलेली बाटली स्वच्छ होती. तिच्याशेजारी बिस्किटांचे एक वेष्टन होते. दोन्ही मी ओळखली. पदरावरच्या दगडांच्या खोबणीत मीच ती ‘नीट’ ठेवली होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी दोन शब्द सुनावले असते, तर मला बरे वाटले असते.

जेवताना मी विषय बदलण्यासाठी विचारले, ‘‘बाबा, येथे बिबट्या येतो का?’’

‘‘येतो की. गेल्या साली शेळी नेली. गाभन हुती.’’

‘‘मग राग नाही आला?’’

‘‘आला. चार दिस आन्न ग्वाड लागलं न्हाई,’’ ते म्हणाले. थोडा वेळ थांबून म्हणाले, ‘‘पर जायचं कुठं त्यानं? त्याचं बी घर हितंच.’’ अरण्य राखणे म्हणजे काय, हे नकाशावर रेषा ओढणाऱ्यांना आणि दोन दिवस हिंडायला येणाऱ्यांना सोपे वाटते. त्याची खरी किंमत कोणत्या घरातून दिली जाते, ते मला त्या चुलीपुढे बसल्यावर समजले. उन्हाळ्याच्या तोंडी बाळहिरडा गोळा करून विकावा, पावसाळ्यात भात आणि नाचणी पिकवावी, असा त्या घराचा संसार. त्यात एक शेळी म्हणजे थोडी गोष्ट नव्हे.

जेवणे झाली. बाहेर पाऊस पडून गेला होता. अमावास्या जवळ आलेली; बाहेर डोळ्यांत बोट घातले तरी दिसेना. बाबा म्हणाले, ‘‘चला, एक गंमत दावतो. बत्ती घेऊ नका.’’ रात्री अभयारण्यात हिंडण्यास मनाई असते, हे आम्ही त्यांना सांगितले. ते हसले. ‘‘रानात कशाला? परसातच हाये.’’

घराच्या मागे, वईच्या कडेला, आम्ही उभे राहिलो. प्रथम काहीच दिसले नाही. हळूहळू डोळे काळोखाला सरावले. मग जमिनीवर एक फिकट हिरवट रेघ दिसली. तिच्या पलीकडे दुसरी. मग दहा, वीस! कोणी चांदण्याचा चुरा करून पाचोळ्यावर सांडला असावा, तसा तो प्रकाश होता. काजवे असावेत असे वाटले. पण काजवा लुकलुकतो. हा प्रकाश स्थिर होता. मी खाली वाकून एका उजळ रेघेला हात लावला. ती थंड होती, ओली होती, भुसभुशीत होती.

ती एक कुजलेली फांदी होती.

ओल्या, कुजत्या लाकडावर एका प्रकारची बुरशी वाढते. तिच्या अंगी होणाऱ्या रासायनिक क्रियेतून हा प्रकाश निर्माण होतो. त्यात उष्णता जवळजवळ नसते. भीमाशंकरच्या रानात पावसाळ्याच्या रात्री हे दृश्य अनेकांनी पाहिले आहे. पण त्या बुरशीचे खरे काम उजेड पाडणे हे नव्हे. लाकूड कुजवणे हे तिचे काम. बुरशी नसती, तर पडलेले लाकूड वर्षानुवर्षे तसेच पडून राहिले असते. ती त्याचा भुगा करते, भुग्याची माती होते. पाचोळ्याची आणि कुजक्या लाकडाची ती माती स्पंजासारखी असते. सह्याद्रीवर चार महिने कोसळणारा पाऊस ती पोटात धरते आणि पावसाळा सरल्यावरही थोडा थोडा सोडीत राहते. त्याच मातीत नवी झाडे रुजतात, त्यांच्या फांद्या एकमेकींना भिडतात आणि शेकरूला वाट मिळते.

देवराईतली ती फांदी मला आठवली. ‘नुसती कुजून जाईल,’ असे मी म्हणालो होतो. कुजणे म्हणजे वाया जाणे, एवढेच मला ठाऊक होते. बाबांनी शास्त्राचे पुस्तक वाचलेले नव्हते. तरी ‘कुजायलाच पडलीया ती’ या त्यांच्या बोलण्यात शास्त्रच होते. आणि मी काय केले होते? जे कुजायला हवे, ते मी उचलून नेत होतो; आणि जे कधी कुजणार नाही, ते मागे ठेवून आलो होतो.

सकाळी निरोप घेताना मी काठी बाबांना परत देऊ लागलो. त्यांनी ती घेतली नाही.

‘‘ऱ्हाऊ द्या. उतरताना लागंल.’’

‘‘पण बाबा, मी येथून काही नेऊ नये, हे आता मला समजले आहे.’’

बाबा प्रथमच मोकळेपणाने हसले. परसातल्या कळकाच्या बेटाकडे बोट दाखवून म्हणाले, ‘‘ही देवाची न्हाई. ही म्या लावल्याली हाये. माझी हाये, म्हनून दिली.’’

मी काठी घेतली. मग ओसरीच्या कोपऱ्यात ठेवलेल्या बाटल्यांचे बोचके उचलून पाठीवरच्या पिशवीत भरले. ते बाबांचे नव्हते, देवाचेही नव्हते. ते आमचे होते. कड्यापर्यंत बाबा पोचवायला आले. या वेळी उतरताना आम्ही फारसे बोललो नाही. वाटेत दोनदा शेकरू दिसले. देवराईजवळ पोहोचलो, तेव्हा मी थांबलो. ती फांदी मी ठेवली होती तेथेच पडली होती. रात्रीच्या पावसाने ती भिजली होती आणि तिच्या एका टोकाला ओला पाचोळा चिकटला होता. तिचे काम सुरू झाले होते.